सागाचा रोल नंबर

कॉलेजात ॲडमिशन झाली की आपल्याला पहिल्यांदा काय मिळतं? नंबर! रोल नंबर, पीआरएन, परीक्षेचा बैठक क्रमांक, होस्टेलची खोली, मेसचं कार्ड. यातले काही नंबर नुसतेच नंबर असतात, तर काहींच्या पोटात माहिती दडलेली असते. खोली २१४ म्हटली की दुसरा मजला हे न सांगता कळतं. पण कळतं कुणाला? पहिला अंक मजल्याचा आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला. शेजारच्या होस्टेलमध्ये तोच अंक विंगचा असू शकतो. या लेखात अशाच एका नंबराविषयी लिहायचे आहे. फक्त तो विद्यार्थ्याचा नसून सागाच्या झाडाचा आहे, आणि तो वाचणारा रेक्टर नसून कॉम्प्युटर आहे.

खोडात वर्षाला एक वलय तयार होतं हे आपण शाळेतच वाचलेलं असतं. पण उष्ण कटिबंधातली बरीच झाडे हा नियम नीट पाळत नाहीत. साग पाळतो. आपल्या सातपुड्यातला साग उन्हाळ्याआधी पानं टाकतो, कडक ऊन उघडाबोडका उभा राहून काढतो आणि पावसाच्या सुमारास पुन्हा पालवतो. वाढ सुरू झाली की आधी मोठ्या छिद्रांचा एक पट्टा तयार होतो, पुढे छिद्रं बारीक होत जातात. त्यामुळे एका वर्षाची हद्द कुठे संपली ते घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावर साध्या भिंगातूनही दिसतं. जावा बेटावरच्या सागाची १५१४ ते १९२९ पर्यंतची मालिका बर्लागे या डच शास्त्रज्ञाने १९३१ मध्येच छापली होती. आपल्याकडे हे काम प्रामुख्याने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत झाले. जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे भागातला साग आणि तिथले हवामान यांचा संबंध मांडला. याच संस्थेतून २००८ मध्ये मध्य भारतातल्या सागावर आणि २०१० मध्ये केरळातल्या सागाच्या ५२३ वर्षांच्या (१४८१ ते २००३) मालिकेवर लेख प्रसिद्ध झाले.

हे सगळं कशासाठी? तर पाण्यासाठी. पाऊस कमी झाला की सागाचं वलय सहसा अरुंद पडतं. आपल्याकडे पावसाची पद्धतशीर मोजणी फार तर दीड-दोनशे वर्षांची. त्याआधी किती वेळा लागोपाठ दुष्काळ पडले हे सांगणारा कागद जवळपास नाही, पण झाड आहे. १८७७, १८९९ (विक्रम संवत १९५६, म्हणून गुजरात-राजस्थानकडे ज्याला छप्पनिया म्हणतात तो), १९१८, १९७२ ही दुष्काळाची वर्षे आपल्याला ठाऊक आहेत. ती वलयांत उमटली आहेत का हे आधी तपासायचं आणि मग त्यामागच्या शतकांत शिरायचं, अशी ही पद्धत.

आता समजा, आपल्यातल्या काही जणांनी तोरणमाळच्या घाटातल्या सागांवर प्रोजेक्ट घ्यायचं ठरवलं. वनखात्याची परवानगी काढली, पोकळ गिरमिट मिळवलं. हे गिरमिट खोडात फिरवत नेलं की पेन्सिलीएवढ्या जाडीची लाकडाची कांडी बाहेर येते, तिला कोअर म्हणतात. झाड त्याने मरत नाही. एका झाडाची निदान दोन बाजूंनी कोअर घेतात, कारण वलय सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. उतारावरच्या झाडात तर फारच फरक पडतो, आणि एखाद्या वाईट वर्षी एका बाजूला वलय पडलेलंच नाही असंही होतं. कोअर कागदी नळीत घालायची आणि नळीवर तिथल्या तिथे कोड लिहायचा. पेन्सिलने लिहायचा. बॉलपेनची शाई घामाने आणि पावसाने कुठे जाते ते जर्नल भिजलेल्यांना विचारा.

कोड साधारण असा असतो: जागेची तीन अक्षरे, झाडाचे दोन अंक, कोअरचे एक अक्षर. प्रत्यक्षात रोमन अक्षरं वापरतात (का, ते पुढे येईलच), पण इथे छापताना आपण प्रत्येक रोमन अक्षराच्या जागी एक मराठी अक्षर घेऊ. तोरणमाळसाठी ‘तरण’. मग तरण०१क म्हणजे तोरणमाळच्या पहिल्या झाडाचा पहिला कोअर आणि तरण०१ख म्हणजे त्याच झाडाचा दुसरा. सहा खुणांत पत्ता पूर्ण. आपल्याकडची गावांची नावं बघा, नंदुरबार तालुक्यात नुसतं ‘होळ’ म्हणून भागत नाही, ‘होळ तर्फे हवेली’ म्हणावं लागतं. बुद्रुक आणि खुर्द हेही तेच. नावात नातं घातलं की घोटाळा टळतो, ही युक्ती महसूल खात्याला संगणकाच्या किती तरी आधीपासून माहीत आहे.

आता ही युक्ती कॉम्प्युटरला कशी शिकवायची ते बघू. वलयांच्या हिशेबासाठी आज बहुतेक जण ‘आर’ ही मोफत भाषा वापरतात. तिच्यात ‘डीपीएलआर’ नावाचं पॅकेज आहे, अँडी बन यांनी २००८ मध्ये त्यावर लेख लिहिला. या पॅकेजात ‘रीड.आयडीज’ असं एक फंक्शन आहे. त्याला तीन आकडे द्यायचे: जागेची किती अक्षरे, झाडाची किती, कोअरची किती. काही दिलं नाही तर ते ३, २, ३ धरतं. आठाची ही बेरीज कुठून आली? अमेरिकेतल्या टूसॉन इथे १९३७ मध्ये डग्लस यांनी वृक्षवलयांची प्रयोगशाळा काढली. तिथून जी फाइल-पद्धत जगभर गेली तिच्यात ओळीचे पहिले आठ रकाने कोडचे, पुढचे चार वर्षाचे, आणि मग सहा-सहा रकान्यांचे दहा आकडे. म्हणजे एका ओळीत एक दशक. पंच कार्डांच्या जमान्यातली ही मांडणी, पण अजून चालू आहे.

आठच रकाने म्हणजे तुम्ही हौसेने लांब कोड केला की तो कापला जातो. ‘तरणमळ०१क१’ आणि ‘तरणमळ०१क२’ हे नऊ-नऊ खुणांचे कोड कापल्यावर दोन्ही ‘तरणमळ०१क’ होतात, झाले की नाही जुळे भाऊ? पण ही चूक निदान सापडते तरी. खरी भानगड निराळी आहे. ती समजायला एक मेसचं उदाहरण घेऊ.

मेसच्या भाजीवर सर्व्हे करायचा आहे. तुम्ही दहा मुलांना विचारलं, पण ती दहा मुलं पाचच खोल्यांतली आहेत, प्रत्येक खोलीतून दोन. रूममेट एकत्र जेवतात, एकत्र कुरकुर करतात, एकाच डब्यातलं लोणचं खातात. त्यांची मतं साहजिकच जुळणार. मग तुमच्याकडे दहा स्वतंत्र मतं आहेत का? नाही. पाचांपेक्षा थोडी जास्त आहेत, दहापेक्षा बरीच कमी. अहवालात ‘दहा जणांची मते घेतली आणि ती चांगली जुळली’ असं लिहिलंत तर ते खोटं नाही, पण खरंही नाही. एकाच झाडाचे दोन कोअर म्हणजे रूममेट. कोण कुणाचा रूममेट हे कॉम्प्युटरला लाकूड बघून कळत नाही, ते फक्त कोडावरूनच कळतं.

याचा हिशेब करून बघू, कारण आकडे बघितल्याशिवाय इंजिनिअरचं समाधान होत नाही. नमुन्यांवरून काढलेली सरासरी त्या जंगलातल्या एकूण सगळ्या झाडांच्या चालीशी किती जुळेल, याचं एक माप आहे, ईपीएस. सूत्र सोपं: झाडांची संख्या गुणिले सरासरी सहसंबंध हे अंशात, आणि छेदात तेच अधिक (१ वजा सहसंबंध). विग्ली, ब्रिफा आणि जोन्स यांनी १९८४ मध्ये हे मांडताना ०.८५ हा आकडा वापरला. तेव्हापासून लोक तो पासिंगच्या चाळीस मार्कांसारखा धरून बसले आहेत. तो काही देवाने दिलेला नाही, आणि ‘या मापाचा असा उपयोग करू नका’ असं बुरास यांनी २०१७ मध्ये लिहिलंही आहे. तरीपण मालिकेचा कोणता भाग विश्वासाचा आणि कोणता सोडून द्यायचा, याचा निर्णय अजून बऱ्याच ठिकाणी याच रेषेवर होतो.

समजा पाच झाडे, प्रत्येकी दोन कोअर. वेगवेगळ्या झाडांच्या कोअरमधला सहसंबंध ०.४०, एकाच झाडाच्या दोन कोअरमधला ०.७५. (आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.) आधी बरोबर पद्धत. दोन कोअरची सरासरी घेतल्याने झाडाच्या आतला गोंगाट थोडा कमी होतो, म्हणून ०.४० ला ०.८७५ ने भागायचं, म्हणजे ०.७५ अधिक उरलेल्या ०.२५ चा निम्मा. आलं ०.४५७. संख्या ५. ईपीएस येतो ०.८१, म्हणजे नापास.

आता चुकीची पद्धत: दहा कोअर ही दहा झाडं समजली. दहा जणांच्या ४५ जोड्या होतात. त्यातल्या ५ रूममेटांच्या, त्यांचा सहसंबंध ०.७५. उरलेल्या ४० चा ०.४०. सरासरी ०.४३९. संख्या १०. ईपीएस येतो ०.८९. चांगल्या मार्कांनी पास!

लाकूड तेच, मोजमाप तेच, एकही वलय जास्त नाही. बदललं ते फक्त कोड वाचणं. खरं तर ०.८५ ओलांडायला अशी सात झाडं हवीत, म्हणजे अजून दोन झाडं शोधत घाट चढायला हवा. इथे कॉम्प्युटर सांगतो, चढू नका, भागलं. मालिकेचा जुना भाग नेहमीच मोजक्या झाडांवर उभा असतो, कारण म्हातारी झाडं थोडी. म्हणजे ही फसवणूक नेमकी तिथे होते जिथे दुष्काळाच्या मोजणीला दुसरा आधारच नसतो.

आणि ही चूक व्हायला काही मोठा पराक्रम लागत नाही. ईपीएस काढणाऱ्या ‘आरडब्ल्यूआय.स्टॅट्स’ या फंक्शनला झाड-कोअरचा तक्ता दिलाच नाही तर ते एक कोअर म्हणजे एक झाड असं धरून चालतं. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत. किंवा ३, २, ३ ऐवजी ३, ३, २ असा मुखवटा दिला तर झाडाचं नाव ‘०१’ न राहता ‘०१क’ होतं, मग ०१क आणि ०१ख ही दोन झाडं. झालं!

उलट दिशेनेही घोटाळा होतो. समजा तुलनेसाठी गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागाचे नमुने जोडले आणि त्यांची जागा चार अक्षरी आहे, ‘अलपल’. कोड अलपल०३क. ३, २, ३ च्या कात्रीने कापल्यावर जागा ‘अलप’, झाड ‘ल०’, कोअर ‘३क’. म्हणजे पहिल्या झाडापासून नवव्या झाडापर्यंत सगळी झाडं मिळून एकच झाड, ‘ल०’! दहावं आलं की ‘ल१’ सुरू. इथे ४, २, २ द्यायला हवं होतं. पण ही चूक लवकर पकडली जाते, कारण उत्तरच वेडंवाकडं येतं आणि माणूस मागे वळून बघतो. पहिली चूक उत्तर चांगलं करून दाखवते, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग पुस्तकातल्यासारखं तंतोतंत आलं तर आपण कधी पुन्हा घेतलंय का?

‘डीपीएलआर’मध्ये कोड आपोआप ओळखणारी सोयही आहे. ती नावांची ठेवण बघून अंदाज बांधते आणि बरेचदा बरोबर बांधते. पण अंदाज तो अंदाज. काही कोडांत एक शून्य गळलेलं असेल (तरण०१क च्या जोडीला तरण१ख), कुठे रोमन ओ आणि शून्य यांची अदलाबदल झाली असेल, कुठे कॅपिटल अक्षराऐवजी स्मॉल पडलं असेल, तर तिने तरी काय करावं?

त्यात एक्सेल. एक्सेलला वाटतं की आपल्यापेक्षा त्याला जास्त कळतं. एखाद्या रकान्यात नुसता झाडाचा कोड आहे आणि जागेची तीन रोमन अक्षरं ‘एमएआर’ अशी असतील, तर पुढे ०१ लावल्याबरोबर त्याची तारीख होते, मार्च! पहिला प्लॉट, ईस्ट बाजू, पाचवं झाड अशा हिशेबाने १, ई, ०५ असं लिहिलंत तर तो त्याला घातांकातली संख्या समजून एक लाख करून ठेवतो. नुसत्या ‘०११’ चे ‘११’ तर रोजच होतात. हसू नका, जनुकांवर काम करणाऱ्या मोठमोठ्या लोकांचंही हेच झालं आहे. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत नावांची अशी वाट लागलेली २०१६ च्या एका पाहणीत आढळली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलून टाकली. एक्सेल बदलेना, तेव्हा जनुकं बदलली! उपाय साधा आहे: कोडचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा आणि मगच लिहायला लागायचं.

‘आर’ स्वतःही कमी नाही. सीएसव्ही फाइल वाचताना रकान्याच्या नावात आडवी रेघ असली तर तिचा टिंब होतो. नाव अंकाने सुरू झालं तर पुढे एक रोमन एक्स चिकटतो. म्हणजे सगळी अक्षरं एक घर पुढे सरकली आणि तुमची ३, २, ३ ची कात्री सगळीकडे चुकीच्या जागी बसली. ‘चेक.नेम्स’ हा पर्याय बंद केला की हे थांबतं.

आता, मराठीत कोड का नाहीत? भाषेचं प्रेम आपल्यालाही आहे, पण ‘तोरण’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये मात्र त, ओची मात्रा, र आणि ण अशा चार खुणा आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन म्हणजे एकूण बारा बाइट. तीन अक्षरं काप म्हटलं तर ‘तोर’ हाती येतं. आठ बाइटांची मर्यादा असलेल्या जुन्या प्रोग्रॅमला दिलं तर अक्षराच्या मधूनच करवत फिरते. जुन्या शिवाजी-श्रीलिपी वळणाच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर गंमत आणखी वेगळी: पडद्यावर मराठी दिसतं, पण प्रोग्रॅमच्या लेखी ती भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. म्हणून कोड रोमन ठेवावा आणि गावाचं नाव, शिवार, झाडाचं वर्णन मराठीत वेगळ्या रकान्यात खुशाल लिहावं.

माझ्या मते खरं शहाणपण याच वेगळ्या रकान्यांत आहे. कोडात नातं दडवायचं आणि मग प्रोग्रॅमने ते हुडकून काढायचं हा लपंडाव हवा कशाला? एक साधा तक्ता करा: पूर्ण कोड, जागा, झाड, कोअर, तारीख, कुणी काढला, शेरा. प्रोग्रॅमला झाड-कोअर नातं या तक्त्यातून द्या. कोडाची मोडतोड फक्त पडताळणीसाठी करा. पहिली तीन अक्षरं, मग दोन अंक, मग एक अक्षर, या साच्यात न बसणारा एकही कोड सापडला तर प्रोग्रॅमने पुढे न जाता तिथेच थांबावं अशी ओळ लिहा. मग झाडं किती आणि प्रत्येकाचे कोअर किती हे छापून घ्या आणि फील्डबुकातल्या आकड्याशी ताडून बघा. वहीत पाच झाडं आणि पडद्यावर दहा, हे ओळखायला संख्याशास्त्र लागत नाही. वलयांच्या माहितीसाठी २०१० मध्ये ‘ट्रायडास’ नावाचं जे प्रमाण मांडलं गेलं त्यातही हाच विचार आहे. प्रकल्प, जागा किंवा वास्तू, झाड, नमुना, त्रिज्या आणि मोजमाप हे सगळे थर वेगळे ठेवायचे, एका नावात कोंबायचे नाहीत.

अजून एक तपासणी फार उपयोगाची आहे. प्रत्येक कोअरचा इतर सगळ्यांशी सहसंबंध काढा. एकाच झाडाचे दोन कोअर सहसा एकमेकांशी जास्त जुळतात. तरण०३ख हा तरण०३क पेक्षा सातव्या झाडाशीच जास्त जुळत असेल तर नळीवर नंबर घालताना अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे. हा पुरावा नव्हे, संशय. संशय आला म्हणून लगेच कोड बदलायचा नाही, शेऱ्यात लिहायचं आणि लाकूड पुन्हा बघायचं.

लाकूड पुन्हा बघता येतं, झाड नेहमीच बघता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांची जमीन सरदार सरोवरात गेली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. त्या पाण्याखालच्या उतारावरच्या सागाची चकती कुणाकडे असेल, तर ती कुठल्या खुंटाची हे विचारायला आता खुंटच हाताशी नाही. चकतीवरचा कोड हीच तिची जागा.

सातपुड्यात एक पेच मात्र पुस्तकात सापडत नाही. साग तोडला की खुंटावरून पुन्हा फुटवे येतात आणि काही वर्षांनी एकाच बुडख्यावर दोन-तीन सरळ खोडं उभी दिसतात. ही झाडं किती धरायची? कोड देताना हा निर्णय जंगलातच घ्यावा लागतो. मुळं एक, पाणी एक, वंश एक. मी तर त्यांना रूममेटच म्हणेन: झाडाचा नंबर एक आणि खोडाचा नंबर वेगळ्या रकान्यात. दुसऱ्या कुणाला ती वेगळी झाडं धरायची असतील तर त्यालाही तक्त्यावरून तसा हिशेब करता यावा, एवढी सोय ठेवली म्हणजे झालं.

ज्यांना सबमिशनच्या गडबडीतून वेळ मिळेल त्यांनी लॅबच्या पीसीवर ‘डीपीएलआर’ टाकून बघावं. त्याच्याबरोबर ‘सीए५३३’ नावाचा नमुन्याचा डाटा येतो, कॅलिफोर्नियातल्या ब्रिसलकोन पाइनच्या ३४ मालिका, इसवी सन ६२६ ते १९८३. नावं सगळी ‘कॅम’ या तीन रोमन अक्षरांनी सुरू होतात. आधी नुसती नावं वाचून झाडं किती ते कागदावर काढा, मग ३, २, ३ देऊन ईपीएस काढा, मग तक्ता न देता काढा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.